उजवा खांदा, डावा पाय आणि बर्फी

आमची मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली ती व्यायामाची सायकल आणि बर्फी मागे ठेवून. सायकलवर टॉवेल वाळत घालता येतात. बर्फीला कामाला लावणं एवढं सोपं नव्हतं.

बर्फी म्हणजे पूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी वडापावच्या गाडीखाली राहणारी तांबूस गावठी कुत्री. सोफ्याचा एक हात तिने आठवडाभरात संपवला. "बाबा, तिच्या डोक्याला काम द्या, नाहीतर दुसरा हातही जाईल," असं मुलीने फोनवर बजावलं आणि परस्पर माझं नाव अ‍ॅजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्याला अडथळ्यांमधून पळवायच्या खेळाच्या, क्लासात घातलं.

हा खेळ १९७८ साली सुरू झाला, लंडनच्या क्रफ्ट्स नावाच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात. मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवरून बेतलेला कार्यक्रम होता तो. आपण मध्यंतरात बटाटावडा खातो, त्यांनी कुत्री उडवली. त्यातला जंपिंग हा प्रकार मला सोपा वाटला, कारण त्यात उलट्या व्हीसारखी चढायची-उतरायची ए-फ्रेम नाही, सी-सॉ नाही. उड्यांच्या दांड्या, बोगदे आणि नागमोडी जायचे वीव्हचे खांब, बस्स. पण सी-सॉवर कुत्रा निदान क्षणभर थबकतो आणि माणसाला श्वास घ्यायला मिळतो. जंपिंग म्हणजे विरार फास्ट. मधे उतरून विचार करायची सोय नाही.

सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणले, रंगाच्या रिकाम्या डब्यांवर आडवे ठेवले आणि सोसायटीच्या आवारात स्कूटरांच्या दोन रांगांमध्ये चार उड्या मांडल्या. "पाण्याची लाइन बदलताय का?" तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं. उत्तर देणार तेवढ्यात बर्फी चारही पाइप ओलांडून काकूंच्या तुळशीपाशी पोचली होती आणि मी दुसऱ्या डब्यात पाय अडकवून उभा होतो. काकूंनी खिडकी लावून घेतली.

क्लासातल्या शिक्षिका माझ्या मुलीच्याच वयाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, तोंड बंद ठेवा. ती तुमचे पाय वाचते."

एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे सांगायचं! माझी सगळी कमाई तोंडाची. मुलं ऐकत नसत हे खरं, पण निदान खिडकीतून उडी मारून जात नसत. इथे मी "उजवीकडे, उजवीकडे" असं कंठशोष करून ओरडायचो आणि बर्फी शांतपणे डावीकडे जायची. शिक्षिकाबाईंनी मोबाइलवर चित्रीकरण दाखवलं. तोंड उजवीकडे म्हणत होतं, हात आकाशाकडे होता आणि दोन्ही बुटांची टोकं डावीकडे. चारांत दोन मतं डावीकडची आणि उजवीकडचं एकच असताना बर्फीने काय करावं?

मग डोक्यात प्रकाश पडला तो दादरच्या पुलावर. संध्याकाळी सातला त्या गर्दीत कुणी कुणाला "मी इकडे वळतोय" असं सांगत नाही. पुढच्याचा खांदा जरा कलला की आपण ओळखतो, हा आता जिना उतरणार, आणि आपोआप बाजूला होतो. जन्मभर मी जे रोज करत आलो तेच बर्फी करत होती. फरक एवढाच, की आता पुढचा माणूस मी होतो आणि मला स्वतःलाच कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं.

धावता धावता कुत्र्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायच्या तीन रीती आहेत. फ्रंट क्रॉसमध्ये कुत्र्याच्या पुढे जाऊन, त्याच्याकडे तोंड करून गिरकी घ्यायची. हे त्याच्या आधी पोचलात तर. उशीर झाला तर कुत्रा तुमच्या गुडघ्यावर येतो. माझा डावा गुडघा अजून पावसाळ्यात त्याची आठवण काढतो. ब्लाइंड क्रॉसमध्ये चक्क पाठ फिरवून पळायचं आणि दुसऱ्या खांद्यावरून मागे बघायचं. कुत्रा तिथे असेल अशी श्रद्धा लागते, आणि ती मला देवळातही फारशी जमत नाही. उरला रिअर क्रॉस, म्हणजे कुत्रा उडीकडे निघाला की त्याच्या मागून बाजू बदलायची. साठीच्या माणसाला मागेच राहायचं असल्याने हा मला मानवेल असं वाटलं होतं. पण मी मागे गेलो की बर्फी उडी सोडून वळून बघायची, म्हातारा पडला की काय.

वीव्हमध्ये मात्र ती उस्ताद. ओळीने बारा खांब, दोन खांबांत ६० सेंटीमीटर अंतर, आणि शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडे हवा. स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांमधून वाट काढत लहानाची मोठी झालेल्या जिवाला हे शिकवायचं काय?

जानेवारीतल्या एका रविवारी गोरेगावच्या मैदानावर नवख्यांची छोटी स्पर्धा होती. शर्यतीआधी कोर्स वॉक असतो. माणसांनी कुत्र्याविना मैदानात जाऊन वाट पाठ करायची. वीस-बावीस शहाणीसुरती माणसं नसलेल्या कुत्र्यांना हात दाखवत, मधेच गिरक्या घेत, पुटपुटत फिरत होती. सौ. बर्फीचा पट्टा धरून बाहेर उभी होती. "या सगळ्यांचं काय हरवलंय?" एवढंच तिने विचारलं. ती मुळात कमी बोलते. बर्फीशी तर बोलतच नाही.

मी विजेच्या बिलाच्या पाठीवर नकाशा काढला होता, कोनांसकट. सहावा अडथळा होता इंग्रजी यू अक्षरासारखा वाकलेला बोगदा, दोन्ही तोंडं आमच्याकडे. शिरायचं डाव्या तोंडातून, बाहेर यायचं उजव्या. दांडी पडली तर पाच गुण दंड, कुत्रा अडथळ्यापाशी अडला तरी पाच. पण चुकीच्या तोंडातून शिरला की थेट बाद. कुत्र्याला किंवा अडथळ्याला हात लावायची मुभा नाही. गळ्यात पट्टा नाही. म्हणजे ऐन वेळी धरायला काहीच नाही.

पाच उड्या अशा झाल्या की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. तोंड बंद, खांदे सरळ, पाचवीआधी वेळेवर फ्रंट क्रॉस. समोर बोगदा. आणि तिथे माझ्यातला मुंबईकर जागा झाला. बर्फी उजव्या तोंडातून बाहेर येणार, आपण तिकडे आधीच पोचलेलं बरं, असं म्हणून मी दोन पावलं उजवीकडे सरकलो. अंधेरीला उतरायचं तर वांद्र्यापासून दारात उभं राहायची सवय! बर्फीने माझे पाय वाचले, इमानदारीत उजव्या तोंडातून आत शिरली आणि डाव्यातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. शेपटी जोरात हलत होती. शिट्टी वाजली. बाद.

परतीच्या रिक्षात मी सौ.ला समजावत होतो, की आठव्या उडीला ब्लाइंड क्रॉस ठरवला होता, तो बघायला मिळाला असता तर. ती बाहेर बघत होती. "कुत्री शिकलीये," मधेच म्हणाली.

घरी आल्यावरही मी दिवाणखान्यात उभा राहून बर्फीला हातवारे करून तेच सांगत होतो. ती एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या बुटांकडे बघत होती. सौ.ने भाजीची पिशवी उचलली. बोलली काहीच नाही, फक्त खांदा जरासा स्वयंपाकघराकडे वळवला. बर्फी तीरासारखी आत गेली.

मीही गेलो. मटार सोलायचे होते.