ड्रिल फोटोत छान आली पाहिजे

जहाजावर आणीबाणीची तयारी म्हणजे काय, ते परवा किनाऱ्यावरच्या ऑफिसच्या ई-मेलमुळे एकदाचं समजलं. 'ड्रिलचे फोटो अस्पष्ट आहेत, सर्वांची हेल्मेट दिसतील असे पुन्हा पाठवावेत.' ड्रिल कशी झाली, याची चौकशी नाही. तेव्हा नव्या मंडळींनी लिहून घ्यावं.

अलार्मच्या आधी पीएवर (जहाजाच्या लाउडस्पीकरवर) 'ड्रिल, ड्रिल, ड्रिल' पुकारावं आणि वेळ रविवारी सकाळी दहाचीच ठेवावी. जहाज इतर वेळी पेटत नाही.

इमर्जन्सी जनरेटर हाताने स्टार्ट करून लॉगमध्ये 'ओके' लिहावं. ब्लॅकआउटनंतर, म्हणजे जहाजाची वीज गेल्यावर, ४५ सेकंदांत तो आपणहून लोड घेतो का, हे पाहू नये. घेतला नाही तर डिफेक्ट रिपोर्ट कोण भरणार?

इमर्जन्सी फायर पंप जहाज भरलेलं असतानाच चालवावा. बॅलास्टमध्ये, म्हणजे माल नसताना, सक्शन लिफ्ट (पाणी ओढायची उंची) वाढते, पंप पाणी धरत नाही, होजमधून नुसती हवा येते आणि फोटो बिघडतो.

क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह (आगीत इंधन झटकन तोडणारे) तारेने उघडेच बांधून ठेवावेत. आगीला डिझेल कमी पडता कामा नये.

लाइफराफ्टचा (फुगणाऱ्या तराफ्याचा) पेंटर, म्हणजे दोर, वीक लिंक (ताण आला की तुटणारा दुवा) टाळून थेट डेकला बांधावा. जहाज बुडालं की ४ मीटरच्या आत एचआरयू (पाण्याच्या दाबाने राफ्ट मोकळा करणारी कळ) सुटतो, राफ्ट वर येतो, झकास फुगतो आणि जहाजाबरोबर तळाला जातो.

एन्क्लोज्ड स्पेस रेस्क्यू ड्रिल (टाकीसारख्या बंद जागेतून माणूस काढण्याचा सराव) २०१५ पासून दर दोन महिन्यांनी सक्तीची. ती डेकवर मोकळ्या हवेत उरकावी. ओएसला (साध्या खलाशाला) स्ट्रेचरवर झोपवावं, हसला तरी चालेल. मॅनहोल उघडू नये, गॅस्केट खराब होतं. पाठीवर बीए सेट (श्वासासाठी हवेचा सिलिंडर आणि मास्क) घेतलेला माणूस त्या भोकातून जातो की सिलिंडरसकट अडकतो, हे कळून करायचं काय? १२०० लिटर हवा म्हणजे कागदावर अर्धा तास. शिड्या उतरून, बेशुद्ध माणसाला हार्नेस घालून वर ढकलणाऱ्याला ती किती पुरते? हवा संपत आल्याची शिट्टी वाजते तेव्हा जेमतेम २०० लिटर उरलेले असतात, आणि तो अजून दुसऱ्या शिडीवर! आत जाण्याआधी गॅस मीटर दोरीने सोडून वर, मध्ये, तळाशी रीडिंग घ्यायचं असतं. इथे मॅनहोलच्या तोंडाशी ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेइतका, दिसला की परमिटवर सही. चेन लॉकरमध्ये (नांगराची साखळी ठेवतात तिथे) गंज ऑक्सिजन खाऊन बसलेला असतो. कोळशाच्या किंवा लाकडाच्या होल्डलगतच्या (मालाच्या कोठारालगतच्या) जिन्यातही तेच. ना वास, ना धूर. एक जण कोसळतो, त्याला काढायला बोसन (खलाशांचा मुकादम) तसाच धावतो, बोसनला काढायला चीफ ऑफिसर. आणि फाइलमध्ये मागच्या महिन्याचा कागद: 'वेळ ८ मिनिटं, समाधानकारक.'

कोणाची ८ मिनिटं? घड्याळ कोणी लावलं होतं? खोट्या कागदावर सही करणाऱ्यांनो आणि तो कागद बघून खूश होणाऱ्यांनो, त्या बोसनला थांबायला तुम्ही कधी शिकवलंच नाही. आधी अलार्म, मग बीए, मग आत, हा क्रम अंगात मुरायला ड्रिलच करावी लागते. पुढच्या वेळी टाकी व्हेंटिलेट करा, मीटरने तपासा, मॅनहोलमधून स्ट्रेचर खाली सोडा, डमी वर काढा. २५ मिनिटं लागली तर २५ लिहा.