डाग काढून राहिलो काकू

मराठीनं अॅनिमेशनवाल्यांवर कुठला जुना राग काढलाय, कोण जाणे. चित्रही काढायचं आणि डागही काढायचा. एक उमटवायचं, दुसरा घालवायचा, पण क्रियापद एकच. त्यामुळे शेजारच्या काकू दारातून डोकावून "काय करून राहिला रे?" असं विचारतात, आपण खरं तेच सांगतो, "डाग काढून राहिलो काकू," आणि त्या लगेच लिंबू-मीठ सुचवतात. आता त्यांना कसं सांगावं की हे कार्टूनमधल्या ठिपकेवाल्या कुत्र्याचे डाग, घालवायचे नाहीत, घालायचे आहेत? आणि तेही सेकंदाला बारा वेळा.

जुन्या बायकांच्या बोलीत डाग म्हणजे दागिना. ठिपकेवाल्या कुत्र्याला खरं तर हाच अर्थ लागू पडतो. प्रत्येक डाग मोजून घालायचा, मोजून उतरवायचा, आणि एक जरी कमी भरला की घरभर शोधाशोध.

या सगळ्याचं मूळ एका गोष्टीच्या पुस्तकात आहे. डोडी स्मिथ या इंग्रज बाईंची एकशे एक डाल्मेशियन कुत्र्यांची कादंबरी १९५६ साली आली. लेखकाचं बरं असतं. "ठिपकेवाली कुत्री" एवढं लिहिलं की त्याचे ठिपके संपले. पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, डिस्नेनं त्याच गोष्टीवर कार्टूनपट काढला आणि ठिपके हा विषय साहित्यातून निघून थेट मजुरीत आला. स्टुडिओनं तेव्हा हिशेबही छापला होता: बाप पोंगोच्या अंगावर ७२, आई पर्डिटाच्या ६८, दर पिल्लाला ३२, आणि अख्ख्या सिनेमात मिळून ६४,६९,९५२ ठिपके. फ्रेम, म्हणजे सिनेमातली एकेक स्थिर चित्रं, किती, तर १,१३,७६०. सेकंदाला २४. सिनेमा ७९ मिनिटांचा. ७९ गुणिले ६० गुणिले २४ करून बघा, बरोब्बर तेवढंच येतं. म्हणजे ज्या फ्रेममध्ये कुत्र्याचं शेपूटही नाही, तीसुद्धा धरलेली. तरीही दर फ्रेमला सरासरी ५७ ठिपके पडतात. ज्यानं कुणी हे मोजले, त्याला आमच्या नागपूरच्या इतवारीतल्या कुठल्याही सराफानं डोळे झाकून कामावर ठेवावं.

आपला हिशेब छोटा असतो, पण रडवायला पुरतो. एक कुत्रा, एका बाजूनं दिसणारा, म्हणजे साधारण ३० ठिपके. दहा सेकंदांचा तुकडा. सेकंदाला २४ फ्रेम, पण प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवायचं, म्हणजे १२ चित्रं. दहा सेकंदांची १२०. ठिपके झाले ३,६००. इथवर माणूस चहा पिऊन उभा राहू शकतो. मग काम देणारा फोनवर सहज म्हणतो, "भाऊ, मागं दोन-चार पिल्लं पण टाकून द्या ना." चार पिल्लं, दर पिल्लाचे दिसणारे १६, गुणिले १२०: आणखी ७,६८०. टेलर साडीच्या फॉल-पिकोचे वेगळे पैसे घेतो, त्यावर कुणी हू की चू करत नाही. आपण पिल्लांच्या ठिपक्यांचे वेगळे मागितले की मात्र "एवढं काय त्यात, कॉम्प्युटरच करते ना" हे ठरलेलं.

डिस्नेवाल्यांना वाचवलं ते झेरॉक्सनं. त्याआधी कागदावरच्या पेन्सिलीच्या रेघा शाई घेऊन हातानं सेलच्या पारदर्शक तावावर गिरवाव्या लागत. अब आयवर्क्स या त्यांच्या जुन्या तंत्रज्ञ माणसानं झेरॉक्सचं यंत्र अशा कामाला जुंपलं की पेन्सिलीची रेघ थेट सेलवर उतरू लागली. मग मोजकी पिल्लं काढायची, त्यांच्या लहानमोठ्या प्रती करायच्या, मागेपुढे पेरायच्या, झाला कळप. त्या सिनेमातल्या रेघा जरा खरखरीत, काळ्या दिसतात, त्या यामुळेच. मला तर त्या आवडतात. गिरवून गिरवून गुळगुळीत झालेल्या रेघेत कुत्र्याचे केस मरतात.

पण ठिपके नंतर. आधी कुत्रा आला पाहिजे, आणि तो पांढराशुभ्र असतानाच नीट चालला पाहिजे. बिघडलेली चाल ठिपक्यांनी झाकत नाही, उलट ३० ठिकाणी अधोरेखित होते. पहिली चूक मागच्या पायात होते. जो सांधा आपण "उलटा गुडघा" म्हणून काढतो, तो गुडघा नसतोच, ती टाच असते. कुत्रा बोटांवर चालतो, खरा गुडघा वर पोटाशी लपलेला असतो. दुसरी चूक पायांच्या क्रमात. चालताना डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, असा फेरा असतो. तो २४ फ्रेममध्ये, म्हणजे बारा चित्रांत बसवला तर चाल निवांत दिसते. पळण्याचा फेरा ८ ते १२ फ्रेममध्ये संपतो. त्याचा नमुना बघायला नागपुरात कुठं लांब जावं लागत नाही. रात्री अकरानंतर कुठल्याही चौकातून गाडी काढा, तीन नमुने मागं लागतात. फक्त मोबाइल मागं बसणाऱ्याच्या हातात द्या आणि स्लो मोशन आधीच सुरू करून ठेवा.

गल्लीतल्या कुत्र्याकडून पळणं घ्यावं, अंगलट घेऊ नये. डाल्मेशियनची छाती खोल, कंबर आत गेलेली, कान पडलेले, शेपूट निमुळतं आणि जरासंच वर वळलेलं. त्याचं वेटोळं केलं आणि कान उभे ठेवले की बघणारा म्हणतो, "हा तं आपल्या चौकातला मोत्या. याले कोनं चुना लावला बे?"

आता ठिपके. खऱ्या डाल्मेशियनचा ठिपका गोलसर, अंगावर दोन-तीन सेंटिमीटरचा, तोंडावर, पायांवर आणि शेपटीवर त्याहून लहान. ठिपके एकमेकांत मिसळलेले नकोत. पण सारख्या अंतरावरही नकोत, नाही तर कुत्रा न दिसता ठिपक्यांची रांगोळी दिसते, पंधरा ते एक. आणि ते कुठे ठेवायचे नाहीत याची यादी कुठे ठेवायचे त्यापेक्षा लांब आहे. बाह्यरेषेला नुसता टेकलेला ठिपका तिथं कुणी चावा घेतल्यासारखा वाटतो. म्हणून एक तर रेषेपासून सुटा ठेवा नाही तर अर्धा बाहेर कापून टाका. डोळ्याशेजारी ठेवला की तिसरा डोळा. ओठाच्या कडेवर ठेवला की दात पडलेला. नाकाखाली ठेवला की मिशी, आणि मग पुढचा सगळा करुण प्रसंग वाया. ढुंगणावर दोन ठिपके एका पातळीत आले की कुत्रा मागूनही बघतो आहे असं वाटतं. काळ्या कानामागं मानेवर मोठा ठिपका ठेवला तर कान हलतो कधी आणि थांबतो कधी, कळत नाही. पोळ्याला बैलाच्या पाठीवर गेरूचे ठप्पे मारतात तसे मोकळ्या हातानं मारू गेलात तर हे सगळे एकाच कुत्र्यावर भेटतात.

खरा छळ कुत्रा वळतो तेव्हा सुरू होतो. डोळ्याच्या अंदाजानं प्रत्येक चित्रात ठिपके पुन्हा काढले तर ते कणाकणानं सरकतात. एकेक चित्र बघा, काही वावगं नाही. चालवून बघा, की अंगावर पातेल्यातला भात शिजल्यासारखी खदखद. आमच्यात याला "ठिपके पोहून राहिले" म्हणतात. उपाय त्या १९६१ च्या मंडळींनीच वापरलेला आहे: ठिपक्यांकडे नक्षत्रासारखं बघायचं. एक मुख्य ठिपका पक्का करायचा, बाकीचे त्याच्यापासून मोजत ठेवायचे. सप्तर्षी आकाशात कुठेही सरकले तरी आपसातलं अंतर बदलत नाहीत, तसं. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात ठिपके काढणाऱ्यांनी एकदा या कारणासाठी बसून यावं, एसीही असतो.

मी मुख्य ठिपका खांद्याच्या फऱ्यावर धरतो. पोटावर कधीच नाही, कारण पोटाची कातडी दर पावलाला ताणते आणि सैल पडते, मग मोजपट्टीच रबराची होते. एक मांडीवर, एक डोक्यावर, असे तीन पक्के. मॉडेल शीटवर, म्हणजे नमुन्याच्या कागदावर, कुत्रा चार बाजूंनी काढून प्रत्येक ठिपक्याला नंबर द्यायचा: खांदा १ ते ९, पाठ १० ते १८, असं. वळताना कडेकडे जाणारा गोल आधी लंबगोल, मग उभी फाक आणि मग गायब व्हायला हवा. दुसऱ्या कडेनं नवा येताना हेच उलट. पूर्ण गोल ठिपका एकदम कडेला उगवला तर तो कुत्र्याच्या अंगावरचा वाटत नाही, डासासारखा येऊन बसलेला वाटतो.

धावत्या कुत्र्यात आणखी एक गंमत आहे. दोन चित्रांमध्ये ठिपका जेवढा पुढे सरकतो, तेवढंच अंतर दोन ठिपक्यांमध्ये असलं, तर डोळा शेजारच्या ठिपक्यालाच आधीचा समजतो. कुत्रा पुढं आणि ठिपके जागच्या जागी फडफडतात. अशा वेळी कंजुषी सोडून दर फ्रेमला नवं चित्र काढा. नाही तर कुत्र्याला पडद्याच्या मध्येच पळवा आणि मागचं दृश्य सरकवा. मी अर्थातच दुसरं करतो.

क्रिटासारख्या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे बरंच सोपं होतं. एक ग्रुप करायचा. त्यात खाली अंगाचा भरलेला रंग, वर ठिपक्यांचा लेयर, आणि त्या लेयरवरचं छोटं अल्फाचं चिन्ह दाबायचं. मग ठिपका अंगाबाहेर गेला तरी आपोआप कापला जातो. रेघेचा लेयर ग्रुपच्या बाहेर, सगळ्यात वर. अंग अगदी पांढरं ठेवू नका, किंचित राखाडी किंवा सायीचा रंग द्या. पांढऱ्या कागदावर पांढरा कुत्रा काढला की फक्त ठिपकेच फिरायला निघालेले दिसतात. आणि टाइमलाइन तपासा. ठिपक्यांचा लेयर एका फ्रेमनं मागं राहिला की कुत्रा पुढं निघून जातो आणि ठिपके मागून धावत येतात, वरातीमागून घोडं.

कागदावर करणाऱ्यांचे हाल निराळे. सगळे कागद एकाच जागी धरणारी तीन खुंट्यांची खास पट्टी आणायची कुठून, म्हणून साध्या ऑफिसच्या पंचवर भागवता येतं. त्याची दोन छिद्रं बरोबर ८ सेंटिमीटरवर आणि ६ मिलिमीटरची असतात. तेवढ्याच अंतरावर दोन गुळगुळीत खुंट्या लाकडी पट्टीत ठोकल्या की झालं. खाली दुधी अॅक्रिलिकचा तुकडा आणि छतात बसवायचा एलईडी पॅनल, म्हणजे वरच्या कागदातून खालचं चित्र दिसतं. हे सगळं फेब्रुवारीपर्यंत उत्तम चालतं. एप्रिलमध्ये कूलर लागतो. कूलर म्हणजे घरात आणलेला पावसाळा: कागद ओल पितो, कडा वळतात, छिद्रं सैल पडतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं सगळा कुत्रा हिवताप भरल्यासारखा थरथरतो. शिवाय वाऱ्यानं २३ ते ३१ नंबरची चित्रं पलंगाखाली जातात. कूलर बंद करावा तर ४५ अंशांत कपाळाचा घाम थेट पेन्सिलीवर टपकतो आणि एक ठिपका फुकटात वाढतो. छिद्रांभोवती चिकटवायच्या गोल चकत्या स्टेशनरीत मिळतात, त्या लावा. कोरे कागद झाकणाच्या डब्यात ठेवा. मनगटाखाली सुती रुमाल घ्या. आणि मे महिन्यात कुत्रा निवडताना शक्यतो झोपलेला निवडा.

शेवटी तयार झालेला तुकडा व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवू नका. तिथं व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक ठिपक्यांचा राखाडी चिखल होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाही तर उत्तर येतं, "भाऊ, कुत्रा जरा मळका वाटून राहिला."

या सगळ्यातून सुटकेची एकच कायदेशीर वाट आहे आणि ती निसर्गानंच ठेवली आहे. डाल्मेशियनची पिल्लं जन्मतात ती कोरी पांढरी. ठिपके दिसायला लागतात साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे प्रसंग बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यातला घेतला तर पंधरा पिल्लं पंधरा सेकंद लोळवता येतात आणि ठिपका लागतो तो फक्त आईला. ती पण पांघरुणाखाली.

असा प्रसंग चालू असला की काकू दारातून डोकावतात, स्क्रीनकडे बघतात, चष्मा पुसून पुन्हा बघतात. पंधराच्या पंधरा स्वच्छ.

"पाह्य," त्या म्हणतात, "लिंबानं निघाले ना!"