त्याच्या आईचा खाडा

परवा एका केकवरून माझं डोकं फिरलं.

ओळखीतले एक गृहस्थ लेकाचा पाचवा वाढदिवस साजरा करायला आमच्या बालगृहात आले होते. केक, समोसे, चमकीच्या टोप्या, सगळं घेऊन. माणूस मनाने चांगला, त्याबद्दल वाद नाही. केक कापून झाल्यावर लेकाला जवळ घेऊन म्हणाले, "बघ बेटा, या दादांना आईबाबा नाहीत. आपण किती लकी आहोत ना!" पुढच्याच रांगेत एक अकरा वर्षांचा पोरगा बसला होता. हातातला समोसा तसाच धरून उठला आणि म्हणाला, "मला आई आहे. ऊस तोडायला गेलीय." गृहस्थ ओशाळले. मी घाईघाईने गाणी सुरू केली. पण रात्री झोप येईना, म्हणून हे लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊनच बसा.

मी त्या बालगृहात नोकरीला नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस जाते, मुलांचं गणित घेते, आणि गेली सहा वर्षं तिथल्या समाजसेविकेबरोबर गृहभेटींनाही जाते. संस्थेचं नाव, गावं, मुलांच्या खुणा इथे लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तशी ओळख उघड करू देत नाही, आणि देत असतं तरी मी लिहिली नसती.

आपल्याकडे बालगृह म्हटलं की लोकांच्या तोंडी 'अनाथाश्रम' येतो, नाहीतर 'रिमांड होम'. म्हणजे मुलगा एकतर बिनआईबापाचा, नाहीतर चोर. मी शिकवते त्या मुलांमध्ये खरोखर कुणीच नसलेली मुलं बोटावर मोजण्याइतकी आहेत. बाकीच्यांना आई आहे, बाप आहे, निदान आजी किंवा मामा तरी आहे. कुणाची आई विधवा, कुणाची नवऱ्याने टाकलेली. कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते आणि रात्री बहिणीच्या खोलीत आडवी होते, तिथे दोन वाढत्या पोरांना जागा नाही. कुणी मार खाऊन पळालेला, तर कुणी नापास झाला म्हणून, कुणी नुसतीच मुंबई बघायची म्हणून गाडीत बसलेला.

आणि हे काही माझ्या एकटीच्या डोळ्यांना दिसणारं चित्र नाही. २०२० साली कोविड आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने संस्थांमधल्या मुलांचा विषय स्वतःहून हाती घेतला. देशभरात अशी सव्वादोन लाखांहून जास्त मुलं होती. वर्ष संपायच्या आत त्यातली १ लाख ४५ हजारांहून जास्त आपापल्या घरी किंवा नातेवाइकांकडे गेलेली होती. निम्म्याहून जास्त! सतरंज्या गुंडाळाव्यात तशी मुलं घरी धाडली हे बरोबर झालं असं मी म्हणत नाही. पण ज्यांना आपण 'बेघर' म्हणत होतो त्यांच्यातल्या बहुतेकांना जायला एक दार होतं, एवढं तरी त्यातून उघड झालं. त्या दारामागे काय शिजतंय, तांदूळ आहेत का, हे आधीच बघितलं असतं तर? कोर्टालाही ते कळलं असावं, कारण त्याच डिसेंबरात घरी गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी, घरची परिस्थिती बघून, महिना २००० रुपये द्या असं राज्यांना सांगितलं गेलं.

आता त्या समोशावाल्या पोराकडे येते.

आईबाप ऊसतोडीला. दिवाळीनंतर गाव सोडायचं, उन्हाळा लागला की परत. पोरगं आजीपाशी. आजीला डोळ्याने दिसत नाही, पोराला शाळेत कुणी चिडवलं, एक दिवस तो एसटीने तालुक्याला आणि तिथून रेल्वेत. एका मोठ्या जंक्शनवर रेल्वे सुरक्षा दलाच्या (आरपीएफ) जवानाने हटकलं. पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं: चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे (अशा मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणारी जिल्ह्याची समिती), तिथून ऑर्डर, ऑर्डरीबरोबर आमच्याकडे. कपडे, अंघोळ, जेवण, डॉक्टर. मुलासाठी यंत्रणा हलते हो. कुरकुरत का होईना, हलते.

आईसाठी काय हलतं? मुकादमाच्या, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, फोनवर निरोप गेला की मुलगा सापडलाय, अमुक तारखेला हजर राहा. ज्यांना फड, म्हणजे उसाच्या तोडणीचं शेत, माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती तोडून फेडायची असते. एक दिवस काम चुकलं की तो खाडा. खाड्याचे पैसे उचलीच्या हिशोबात तुमच्या अंगावर चढतात. म्हणजे लेकराला भेटायला जायचं तर त्याची किंमत मोजूनच.

ती आली. रात्रभराचा प्रवास करून, चेहऱ्यावर पाचटाचे ओरखडे घेऊन. समितीच्या ऑफिसबाहेर एकच बाकडं, त्यावर फायली. ती जिन्याच्या पायरीवर बसली तर शिपायाने उठवलं, येण्याजाण्याला अडचण होते म्हणून. तीन तास उभी. आत गेल्यावर पहिला प्रश्न, "एवढी काळजी होती तर सोडून कशाला गेलात?" दुसरा, "रेशनकार्ड कुठाय? शाळेचा दाखला?" तिच्याकडे आधार होतं. बाकीचं गावी पेटीत, पेटीची किल्ली आजीकडे आणि आजीला दिसत नाही. पुढची तारीख मिळाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "टाकलं न्हाई वो ताई मी त्याला. म्हातारीपशी ठिवलं व्हतं."

हे वाक्य मी सहा वर्षांत वेगवेगळ्या बोलीत ऐकलंय. प्रत्येक आईला आधी आपण आरोपी नाही हे सिद्ध करावं लागतं. नंतर मग बाकीचं.

गंमत बघा, कायदा असं म्हणतच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ३ काढून वाचा. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. मूल घरी परत जावं हेच बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट, असं कलम ४०. कागदावर सगळं आहे. पण ज्या घरात मूल परत पाठवायचं ते घर उभं राहावं म्हणून काय करायचं, तिथे आपला हात आखडतो.

योजना नाहीत असं नाही. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच सांभाळता यावं म्हणून, महिना ४००० रुपये आहेत. चांगल्याच आहेत दोन्ही, माझ्या हातून अर्ज भरलेली तीन घरं त्यावर तगली आहेत. पण त्या ४००० साठी उत्पन्नाची मर्यादा आहे ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि इतरत्र ९६ हजार. महिन्याला ८ हजार झाले. शहरात चार घरची कामं धरणारी बाई ९ हजार मिळवत असेल तर ती बसली नियमाबाहेर! तिने एक घर सोडायचं का? (हा प्रश्न मला एका बाईने खरंच विचारला होता. मी बँकेत होते म्हणून हिशोबाचं मलाच विचारतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं.) शिवाय हप्ते रखडतात ते वेगळंच. सहा महिन्यांनी एकरकमी आलेल्या पैशात सावकार फिटतो, रोजचं दूध त्यातून येत नाही.

कुणी म्हणेल, ताई, सगळीच घरं काही गरीब बिचारी नसतात. खरंय. काही घरांत मूल परत पाठवणं हा गुन्हाच ठरेल, तिथे मी हात जोडून सांगेन की नका पाठवू. माझी स्वतःची चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी एका तेरा वर्षांच्या मुलासाठी मी फार आग्रह धरला होता. आई रडत होती, घर नीटनेटकं होतं, सावत्र बाप गोड बोलला. मुलगा घरी गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा स्टेशनवर सापडला, पाठीवर पट्ट्याचे वळ. त्या तीन आठवड्यांत आमच्यातलं कुणीही त्या घरी फिरकलं नव्हतं. आणि पहिल्या गृहभेटीत आम्ही भिंती, छप्पर, संडास, पगार सगळं विचारलं, पण नवऱ्याला बाहेर पाठवून त्या बाईला एकटीला "तुला मारतो का गं?" एवढं विचारलं नाही. तीही त्याच पट्ट्याखाली होती. मुलाला धोका होता तो तिलाही होता, आणि तिला वाचवल्याशिवाय तो वाचणार नव्हता. आम्ही मात्र फक्त मुलाची फाइल उघडली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. मुलावर खर्च करताय ना, तसाच त्याच्या घरच्यांवर करा. पैसा, वेळ आणि आदर, तिन्ही. अठरा पूर्ण झाली की पोरगं जाणार कुठे? अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरा पूर्ण झालेल्यांच्या वसतिगृहात, जागा मिळाली तर एकविसाव्या वर्षापर्यंत, त्यानंतर? मी पाहिलेली बहुतेक मुलं फिरून त्याच गल्लीत गेली, जिथून आठव्या-नवव्या वर्षी उचलून आणली होती. दहा वर्षांत गल्ली होती तिथेच होती, आई तेवढी म्हातारी झाली होती.

आमच्याकडे काय बदललं तेही सांगते, नुसतं रडगाणं नको. अधीक्षक बाई नवीन आल्या तेव्हा भेटीचा वार होता महिन्यातला दुसरा शनिवार, अकरा ते एक. रोजंदारीवरच्या माणसाला शनिवार म्हणजे कामाचाच दिवस. त्यांनी तो रविवार केला, दर रविवार, आणि संध्याकाळपर्यंत. फाटकापाशी लोखंडी बाकडं टाकलं, पाण्याचा माठ ठेवला. वॉचमनला सांगितलं, आईबापाला 'या, बसा' म्हणायचं, 'कोण पायजे' नाही. लांबच्यांसाठी रविवारी व्हिडिओ कॉल. एवढंच. एक बाप आहे, दारू पितो, संस्थेत त्याचं नाव 'तो बेवडा' असंच पडलं होतं. तो आता दर रविवारी आंघोळ करून, न पिता, पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेऊन येतो. बाकी सहा दिवसांचं मी काही सांगत नाही. पण लेकाचं गणित त्या बिस्किटपुड्यानंतर सुधारलंय, हे मी पेपर तपासून सांगतेय.

२०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या फाटकात आयांची वर्दळ वाढली. त्या योजनेवर हसणाऱ्या माझ्या सोसायटीतल्या मंडळींनी एखाद्या रविवारी येऊन बघावं.

ते केकवाले गृहस्थ, त्यांचा काल फोन आला. मनाला लागलं होतं त्यांच्या. "मग काय देऊ सांगा, वह्या देऊ का?" वह्या आमच्याकडे दोन कपाटं भरून आहेत हो, दप्तरंही आहेत. पितृपक्षात तर मुलं जिलबी बघून तोंड फिरवतात. मी म्हटलं, आयांच्या भाड्याचे पैसे द्या. आम्ही सहा मैत्रिणी महिन्याला पाचशे-पाचशे काढतो, त्यात भर घाला. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "त्याचा फोटो कसा काढणार?" आणि स्वतःच हसले. पैसे मात्र संध्याकाळी आले.

आता त्यातून खाडाही भरून द्यायचा का, यावर आमच्या ग्रुपात जोरदार वाद चाललाय. एकीचं म्हणणं, आज खाडा दिला की उद्या मुकादम दर वाढवेल. दुसरीचं म्हणणं, आईला लेकरापाशी यायचा दंड पडतो हे एकदा तरी आपल्या खिशातून भरून बघू. मी दुसरीच्या बाजूची आहे.

येत्या बुधवारी त्या पोराची तारीख आहे. आजीच्या पेटीतले कागद गावच्या गुरुजींनी फोटो काढून पाठवलेत, अस्सल चालतात की झेरॉक्स ते तिथे गेल्यावर कळेल. आई मंगळवारी दुपारी फडातून निघेल. काल गणित घेताना पोराने हळूच विचारलं, "आई आली की तिला हितं जेवायला देतेत का?" विचारून सांगते म्हटलं. पालकांना मेसमध्ये जेवायला घालणं नियमात बसत नाही, असं ऑफिसातून उत्तर आलं.

डबा मी घरून नेणार आहे. तीन माणसांचा.