सुरी, चुंबक आणि २२० नंबरचा पेपर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण नुसतं 'धन्यवाद' म्हणून तिची बोळवण करावी अशी ती नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. स्टीलच्या सुरीवरचा गंज खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व वापरून कसा काढायचा, हे मी मागे लिहिलं होतं आणि मीठ अजिबात लावू नका असं बजावलं होतं. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवतात तिथे, नोकरी करून निवृत्त झालेल्या या काकांना ते सगळं 'रिकामपणचे उद्योग' वाटलं. खरं स्टेनलेस स्टील गंजतच नाही, गंजलं तर माल हलका, आणि चुंबक लावला की हलका माल लगेच ओळखता येतो, असं ते म्हणतात. पुढचं त्यांच्याच शब्दांत: गंज काढायचाच तर २२० नंबरचा पॉलिश पेपर दोन मिनिटं मारा. कारखान्यात आम्ही हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये बुडवून लखलखीत माल काढायचो, तुम्ही घरगुती टोटका करत लिंबं कसली पिळताय? लिंबू-मीठ तर आजीच्या काळापासून चालत आलंय, मिठाची भीती कशाला घालता? आणि शेवटी, 'यापेक्षा आपली विळी बरी.' जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की सुनेने दुबईहून आणलेल्या जर्मन सुरीला मुठीजवळ गंज धरलाय, तो पेपरनेही जात नाही, म्हणजे तीही बनावटच असणार.

काका, ती सुरी बनावट नाही. तिच्याकडे शेवटी येते. आधी चुंबकाचं बघू, कारण ही समजूत एकट्या तुमची नाही. भांड्यांच्या दुकानात पर्समधून चुंबक काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

भांड्यांपुरतं त्यात थोडं तथ्य आहे. चांगली पातेली आणि डबे ज्या ३०४ नंबरच्या स्टीलचे असतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्याला १८/८ म्हणतात. निकेलमुळे त्याची अंतर्गत रचनाच अशी होते की चुंबक त्याला धरत नाही. (दाबून वाकवलेल्या कडेला, डब्याच्या कोपऱ्याला किंचित धरतो, त्यावरून दुकानदाराशी भांडू नये.) पण आपल्याकडे भांड्यांत निकेल वाचवून मँगनीज घातलेलं २०० मालिकेतलं स्टीलही भरपूर चालतं. ते स्वस्त असतं, ३०४ पेक्षा लवकर गंजतं, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे जिथे फसवणूक व्हायची शक्यता जास्त, नेमका तिथेच चुंबक गप्प बसतो.

सुरीचं तर सगळंच उलटं. ३०४ कितीही तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही, हे टूलरूममधल्या माणसाला मी काय सांगणार! त्याची सुरी केली तर टोमॅटोची सालही धड कापणार नाही. धार टिकायला पातं कडक हवं, कडक व्हायला कार्बन हवा आणि हार्डनिंग, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करणं, जमायला हवं. असं स्टील म्हणजे ४२०, ४४० वगैरे, आणि ती सगळी चुंबकाला चिकटतात. स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं चुंबकाला चिकटलं तर उलट समाधान माना.

आता यात एक तिढा आहे. स्टेनलेसला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम. स्टीलमध्ये तो किमान साडेदहा टक्के असला, तर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो पुन्हा धरतो. पण धारेसाठी घातलेल्या कार्बनलाही क्रोमियमच आवडतो. दोघांची कार्बाइडं नावाची संयुगं बनतात आणि तेवढा क्रोमियम पापुद्र्याच्या कामातून जातो. म्हणून ४४०सी सारख्या स्टीलमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असूनही एक टक्क्याच्या आसपासचा कार्बन त्यातला बराच गिळतो, आणि कागदावर तेवढाच क्रोमियम असलेलं पण जवळजवळ बिनकार्बनचं ४३० नंबरचं स्टील त्याच्यापेक्षा कमी गंजतं.

हा तिढा पहिल्या दिवसापासूनचा आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्ली या धातुतज्ज्ञाने १९१३ साली १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन असलेलं स्टील ओतलं ते बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून. व्हिनेगरने त्यावर डाग पडत नाहीत हे दिसल्यावर सुऱ्या-काट्यांत त्याचा उपयोग होईल असं त्याच्या डोक्यात आलं. पण शेफिल्डच्या सुरीवाल्यांना ते नेहमीच्या पद्धतीने नीट कडक करता येईना, आणि 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा' म्हणून त्याचीच टिंगल झाली. सुरी गंजणार नाही आणि धारही सोडणार नाही, या दोन्ही गोष्टी पूर्णपणे देणारं स्टील तेव्हा नव्हतं आणि तुमच्या-माझ्या खिशाला परवडेल असं आजही नाही. प्रत्येक सुरीवाला मध्ये कुठेतरी तडजोड करतो. तेव्हा 'खरं स्टील गंजत नाही' हे पातेल्याला बऱ्यापैकी लागू पडतं, सुरीला नाही.

तुमच्या २२० च्या पेपरबद्दल माझी खरी तक्रार आहे. गंज निघतो, वादच नाही. पण २२० ने पात्यावर ज्या रेघा पडतात त्या डोळ्यांना दिसतात, बोटाला लागतात. त्या खाचांत पाणी, मीठ, आंबट रस थांबतो आणि पुढच्या वेळी गंज तिथूनच सुरू होतो. गुळगुळीत पृष्ठभाग खरबरीत पृष्ठभागापेक्षा कमी गंजतो, हे तुम्ही ग्राइंडिंगच्या कामातही अनुभवलं असेल. दुसरं म्हणजे तो पेपर आधी कशावर मारलेला असतो? घरात पेपर म्हणजे बहुधा खिडकीच्या ग्रिलवरून उरलेला तुकडा. त्यात अडकलेले साध्या लोखंडाचे कण पात्यात रुततात आणि तेच आधी गंजतात. मग आपण म्हणतो, सुरी पुन्हा गंजली. लोखंडी तारेच्या घासणीचंही हेच. पेपर वापरायचाच असेल तर नवा, वॉटर पेपर, १५०० किंवा २००० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), पाण्यात भिजवून, पात्यावरच्या मूळ रेघा ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने. आडवातिडवा नको.

अॅसिडचं मात्र काका, हात जोडून सांगते, कुणी वाचून घरी करू नका. तुम्ही हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवत होता तो माल साध्या लोखंडाचा असणार, आणि त्याला ते चालतं. स्टेनलेसला नाही, कारण हायड्रोक्लोरिक म्हणजे क्लोराइडच, आणि तो पापुद्रा फोडायला क्लोराइडएवढं हुशार दुसरं काही नाही. कारखान्यातही स्टेनलेसचं पिकलिंग, म्हणजे आम्लात बुडवून वरचा थर साफ करणं, नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिकच्या मिश्रणात करतात, आणि ते तर घराच्या उंबऱ्याच्या आत येऊच नये. संडास धुण्याच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक असतं आणि कपड्यांच्या ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट, म्हणून तेही सुरीपासून लांब.

मिठावर मी का अडून बसले ते आता लक्षात आलं असेल. मीठही क्लोराइडच. लिंबू-मीठ आजीच्या काळापासून चालत आलंय ते तांब्या-पितळेसाठी. समईवर ते सुरेख काम करतं. सुरीवर लिंबाचं आम्ल गंज विरघळवत असतं आणि त्याच वेळी मीठ पापुद्र्याच्या कच्च्या जागा शोधत असतं. एखादी जागा फुटली की तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो, आत आम्ल आणि क्लोराइड साचत जातं, हवा पोचत नाही, आणि वरून ठिपका दिसत असताना खाली तो खोल जात राहतो. त्या दिवशी सुरी चकचकीत दिसते, नंतर ठिपके वाढतात. माझं घर समुद्राच्या जवळ आहे. खाऱ्या वाऱ्यात नुसती ओलसर राहिलेली सुरी रात्रीत डाग दाखवते, आणि मीठ लावलेली सुरमई कापून सुरी तशीच मोरीत ठेवली तर विचारूच नका. मासे कापायला हरकत नाही, कापल्यावर लगेच धुऊन पुसायचा कंटाळा नको.

लिंबूसत्त्वाला 'घरगुती टोटका' म्हणालात, त्यावर एवढंच की स्टेनलेसच्या पॅसिव्हेशनसाठी, म्हणजे पापुद्रा नीट धरावा म्हणून आम्लाने साफ करण्यासाठी, जे ए९६७ नावाचं अमेरिकन मानक आहे, त्यात नायट्रिकच्या जोडीला सायट्रिक आम्लही आहे: ४ ते १० टक्के, आणि साध्या कोमट तापमानाला २० मिनिटं. लिंबूसत्त्व म्हणजे तेच सायट्रिक. एक सपाट चहाचा चमचा लिंबूसत्त्व अर्धा कप कोमट पाण्यात घातलं की आपण त्या टक्केवारीच्या जवळपास येतो. पात्यावर त्यात भिजवलेला कपडा गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, की पुरे. आधी सोड्याची जाडसर पेस्ट मऊ कापडाने कण्याकडून, म्हणजे पात्याच्या जाड पाठीकडून, धारेकडे हलक्या हाताने चोळायची, स्वच्छ धुवायची, आणि तरीही डाग उरला तरच लिंबूसत्त्व. मग साबण, भरपूर पाणी, आणि कोरड्या फडक्याने पुसून उघड्यावर ठेवायचं, म्हणजे पापुद्रा परत धरायला हवा मिळते. रात्रभर बुडवून ठेवणं मात्र चूक. जास्त कार्बनच्या पात्याला आम्ल खातं, धार जाते आणि लाकडी मूठ फुगते.

सोडा आणि लिंबू एकत्र कालवून फसफसणारं मिश्रण लावायचा व्हिडिओ सध्या घरोघरी फिरतोय. फेस छान दिसतो, पण त्यात आम्लाने सोडा मारलेला असतो आणि सोड्याने आम्ल. उरतं ते मिळमिळीत पाणी. कोलाने गंज निघतो हे खरं आहे, कारण त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, पण साखरेचा चिकटा धुण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात लिंबूसत्त्वाचं काम झालेलं असतं.

विळी! इथे मी तुमच्या बाजूची. फणस, नारळ, कोहळा विळीवरच कापावा. फक्त वाचकांनी सुरीची कृती उचलून विळीला लावू नये. विळीचं पातं साध्या कार्बन स्टीलचं, त्यात क्रोमियम नाही. वापरून त्यावर जो काळपट थर चढतो तो थोडंफार संरक्षणच करतो. आम्लाने तो थर काढून पातं पांढरंफटक केलंत तर सकाळपर्यंत ते पुन्हा तांबूस होईल. विळीला सोड्याने किंवा राखेने घासून, लगेच कोरडी करून तेलाचं बोट फिरवायचं. खोबरेल सगळ्यात बरं, ते इतर गोडेतेलांसारखं वाळून चिकट होत नाही.

एका वाचकाने तुमच्याच प्रतिक्रियेखाली धनुर्वाताचं विचारलंय. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, गंजात तयार होत नाहीत. गंजलेल्या खिळ्याची भीती आहे ती खिळा मातीत पडलेला असतो आणि जखम खोल होते म्हणून. कापलं तर जखम धुवा, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

आता सूनबाईंची सुरी. पात्यावर बारीक अक्षरात एक्स५०सीआरएमओव्ही१५ (X50CrMoV15) असं काही छापलंय का बघा. असेल तर ती नेहमीच्या जर्मन स्वयंपाकघरी सुरीची मिश्रधातू आहे, सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम, उत्तम माल. गंज मुठीजवळच का धरला? कारण पातं आणि मूठ यांच्यामधल्या फटीत पाणी राहतं आणि हवा जात नाही, आणि पापुद्रा टिकायला तर हवाच हवी. दुबईत ती डिशवॉशरमधून निघत असेल तर आणखी वाईट: खारवट, गरम, तासभर ओलसर, शिवाय दुसऱ्या भांड्यांवरच्या गंजाचे कण येऊन बसतात ते वेगळेच.

पेपरने तो जाणार नाही, कारण पेपर फटीत शिरत नाही. लिंबूसत्त्वाची घट्टसर पेस्ट करा, जाड दोरा त्यात बुडवून फटीत ओढा, पाच-दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने घासा, नंतर सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने फट धुवा. केस वाळवायच्या मशीनने फट पूर्ण कोरडी करा, पण मूठ प्लॅस्टिकची असेल तर लांबून. एवढं करूनही आतून तांबूस पाणी येत राहिलं किंवा रिवेट, म्हणजे मूठ पात्याला धरून ठेवणारा खिळा, हलत असेल, तर गंज मुठीच्या आत गेलाय. मग मूठ काढून नवी बसवणं हाच उपाय, आणि ते काम तुमच्याइतकं चांगलं या पानावर दुसऱ्या कुणालाच जमणार नाही. रिवेट मात्र पितळी किंवा स्टेनलेस घ्या, साधे लोखंडी नकोत.