ती नुसती व्हर्तोव्हची बायको नव्हती

आज संध्याकाळी एका फिल्म क्लबात मोंताजवर, म्हणजे फिल्मचे तुकडे जोडून अर्थ घडवण्याच्या कलेवर, व्याख्यान होतं. सोव्हिएत दिग्दर्शक व्हर्तोव्हच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (१९२९) मधला तो तुकडा दाखवला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. पळता घोडा एकदम थिजतो, मग म्हातारीचा, पोरांचे चेहरे थिजलेले दिसतात, आणि कळतं की या फिल्मच्या पट्ट्या एका बाईच्या हातात आहेत. ती टेबलाशी बसून कापते, जोडते आणि तेच चेहरे हलायला, हसायला लागतात. वक्ते म्हणाले, "ही व्हर्तोव्हची बायको." पुढची स्लाइड!

घरी आले तरी डोकं ठिकाणावर नाही.

बायको होती हो. पण त्या टेबलाशी ती एलिझावेता स्विलोव्हा म्हणून बसलीय, त्याच सिनेमाची संकलक म्हणून. व्हर्तोव्ह, त्याचा कॅमेरामन भाऊ मिखाइल काउफमन आणि ती, असं तिघांचं मंडळ होतं. भाऊ लक्षात राहतो, बाई राहत नाही.

माझी आत्या मुंबईत एका संकलकाच्या हाताखाली होती. एका सिनेमात मुलगा घर सोडून जातो तो प्रसंग काही केल्या बसेना, आईचं रडणं फार होत होतं. आत्यानं टाकून दिलेल्या पट्ट्यांमधून एक तुकडा काढला. शॉट संपल्यावर कॅमेरा चालूच राहिलेला, नटी नुसती बाजूला बघत उभी. रिकाम्या रस्त्यानंतर तो जोडला आणि प्रसंग उभा राहिला. लोक तिथेच रडायचे. टायटल्समध्ये आत्याचं नाव नाही.

याच गोष्टीला पुस्तकात कुलेशोव्ह परिणाम म्हणतात. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्हनं वापरलेला, मोझ्झुखिन या नटाचा एकच चेहरा, शेजारी कधी सूप, कधी शवपेटी, आणि बघणाऱ्याला भूक दिसते, शोक दिसतो. कुलेशोव्हचा तो तुकडा आज उरलेला नाही, तरी त्याचं नाव जगभर शिकवतात. शिकवावंच. पण मग एस्फिर शुब का नाही? परदेशी सिनेमे सोव्हिएत प्रेक्षकांसाठी नव्याने कापायचं तिचं काम. १९२४ च्या सुमारास ती फ्रिट्झ लांगचा 'डॉक्टर माबुझं' कापत होती, तेव्हा शेजारी बसून शिकत होता तो पुढे मोठा दिग्दर्शक झालेला आयझेनस्टाइन. त्याचा गाजलेला 'पोटेमकिन' हा सिनेमा पुढच्याच वर्षीचा!

मोंताजचा सिद्धांत त्यानं मांडला, मान्य. 'पोटेमकिन'मधला ओडेसाच्या पायऱ्यांवरचा प्रसंग बघताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, तेही मान्य.

पण १९२७ चा शुबचा 'रोमानोव्ह घराण्याचा पाडाव' बघा. जुन्या बातमीपटांच्या, झारच्या घरगुती चित्रणाच्या धुळीत पडलेल्या पट्ट्या तिनं तासन् तास चाळल्या. जहाजाच्या डेकवर उमराव मंडळी घाम फुटेपर्यंत मझुर्का नाचतायत. लगेच पुढे शेतकरी, घाम गाळत राबणारे. दोन्ही तुकडे घेतले वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी. नाचणाऱ्यांनी तर हौसेनं काढून घेतलेले. शेजारी ठेवल्याबरोबर ते झारशाहीवरचं आरोपपत्र झालं. आत्यानं त्या नटीच्या चेहऱ्याचं केलं तेच हे. हे काम यांत्रिक आहे असं कोणी म्हणालं की मला बोलवा.

आणि हे रशियातच होतं असं नाही. अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथच्या 'इनटॉलरन्स'ची संकलक रोझ स्मिथ, नवऱ्याबरोबर. आपल्याकडे सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला भोकं पाडत होत्या, फिल्म धूत होत्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. त्यातला स्वयंपाक आपण कौतुकानं सांगतो. त्या काळी फिल्म कापणं-जोडणं म्हणजे शिवणकामासारखं बायकी, कमी पगाराचं काम. त्याला कला म्हणायला लागले तेव्हा नावं पुरुषांची पुढे आली.

आत्याला मी एकदा चिडून विचारलं होतं, तू भांडली का नाहीस? म्हणाली, "नावाचं काय लोणचं घालायचंय? प्रसंग बसला ना!" तिच्या आवाजात खरंच कडवटपणा नव्हता. मला मात्र तो सोडता येत नाही. आत्ता लिहितानाही घसा भरून येतोय.

व्हर्तोव्ह १९५४ ला गेला. स्विलोव्हानं मग आपलं काम थांबवलं आणि १९७५ मध्ये जाईपर्यंत त्याची कागदपत्रं, लेख जपले. आजच्या वक्त्यांच्या हातातल्या टिपणांपर्यंत व्हर्तोव्ह पोचला त्यात या बाईचा किती वाटा आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नसेल तर मी सांगेन.

आयोजकांना मेसेज केलाय: पुढच्या महिन्यात शुबचा सिनेमा लावा, हॉलचं भाडं मी देते. पुण्यातल्यांनी यायचंय, आणि येताना एकेकानं एक तरुण संकलक घेऊन यायचंय.