विमान चुकले तरी चालेल, लाउंज चुकता कामा नये

विमानप्रवास हा एका गावाहून दुसऱ्या गावी लवकर पोहोचण्यासाठी करायचा असतो, असा एक गैरसमज आपल्याकडे अजूनही टिकून आहे. तो ज्यांच्या मनात असेल त्यांनी हा लेख वाचण्यात वेळ दवडू नये. त्यांनी थेट गेटवर जाऊन खुर्ची धरावी आणि शे-दोनशे रुपयांचा चहा मुकाट्याने प्यावा. उरलेल्या सुज्ञ वाचकांना वेगळे सांगायला नकोच की विमानाचे तिकीट हे वस्तुतः लाउंजचे, म्हणजे विमानतळावरील खाण्यापिण्याच्या आणि बसण्याच्या खास दालनाचे, प्रवेशपत्र असून, खाऊन-पिऊन झाल्यावर आपल्याला नागपूरला किंवा बंगळुरूला नेऊन सोडणे हा विमान कंपनीचा निव्वळ उपचार असतो.

लाउंज ही चीज मुळात बड्यांची. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने पहिले लाउंज उघडले, तेव्हा तिथे निमंत्रणाशिवाय कोणाला पाऊल टाकता येत नसे. ही सरंजामी प्रथा मोडून काढण्याचे ऐतिहासिक कार्य आपल्या देशातील बँकांनी केले. रुपे प्लॅटिनमसारख्या साध्या डेबिट कार्डावरही दोन रुपये कापून घेऊन आत सोडण्याची सोय झाली आणि ज्याच्याकडे पगाराचे खाते आहे तो प्रत्येक माणूस रातोरात निमंत्रित पाहुणा झाला. दोन रुपयांत आज रस्त्यावर अर्धा कटिंगसुद्धा मिळत नाही. तिथे मात्र इडली, उपमा, पोहे, पास्ता, पनीर, गुलाबजाम आणि वर मशीनची कॉफी मिळते. फुकट ते पौष्टिक, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे ते उगाच नव्हे.

पहिला प्रश्न वेळेचा. देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी पोहोचा, असे विमान कंपन्या सांगतात, परंतु त्यांना आपल्या भुकेचा अंदाज नसतो. आपण चार तास आधी पोहोचावे. पुणेकरांना या बाबतीत निसर्गाचीच साथ आहे. मुंबईहून परदेशी जाणारा पुणेकर घाटात ट्रॅफिक लागेल या भीतीने इतक्या लवकर निघतो, की नेमका त्याच दिवशी घाट मोकळा मिळून तो मध्यरात्रीच्या विमानासाठी दुपारच्या चहाला मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर हजर असतो. काही लाउंजे उड्डाणाच्या तीन तासांपेक्षा आधी आत घेत नाहीत आणि घेतलेल्यांना दोन-तीन तासांवर बसू देत नाहीत, ही त्यांच्या संस्काराची कमतरता आहे. अशा वेळी दारातल्या कर्मचाऱ्याला "ताई, लहान मूल बरोबर आहे" असे सांगून पाहावे. मूल सतरा वर्षांचे असले तरी बिघडत नाही.

रांगेला घाबरू नये. सकाळी सहा-सातच्या सुमारास मोठ्या विमानतळांवर लाउंजच्या बाहेर जी रांग लागते, ती पाहून नवखे प्रवासी खचतात आणि आतल्या एकांताची व शांततेची स्वप्ने सोडून देतात. अनुभवी माणूस मात्र जाणतो, की लाउंजमध्ये शांतता मिळवायला कोणी येत नाही. या रांगेत पाऊण तास उभे राहिल्यानंतर आतल्या सोफ्यावर पंधरा मिनिटे बसायला मिळाले, तरी ते पंधरा मिनिटांचे बसणे फुकट असते आणि पाऊण तासाचे उभे राहणे तर मुळीच कोणी मोजत नाही. रांगेच्या शेजारीच एखादे रिकामे उपाहारगृह असते, तिथला पोरगा आशेने आपल्याकडे पाहत असतो. त्याच्या नजरेला नजर देऊ नये.

आता काउंटर. येथेच अनेकांचा घात होतो, म्हणून हा प्रसंग जरा बारकाईने पाहू. आपल्या पुढचे गृहस्थ पाकिटातून पाच कार्डे काढून रमीच्या पानांसारखी हातात पसरतात. पहिले कार्ड मशीनमध्ये जाते, मशीन विचार करते, "सर, डिक्लाइन होतंय." गृहस्थ शांतपणे दुसरे पान टाकतात. "सर, या क्वार्टरचा कोटा संपलाय." तिसरे. "सर, यावर स्पेंड कमी आहे." मागच्या रांगेतून सुस्कारे ऐकू येऊ लागतात आणि गृहस्थांच्या पत्नी "अहो, राहू द्या ना, आपण बाहेरच काहीतरी खाऊ" असे म्हणून कुटुंबाच्या इभ्रतीवर घाला घालू पाहतात. तेवढ्यात चौथे कार्ड लागते, मोबाइलवर दोन रुपये गेल्याचा मेसेज टिंग करून येतो आणि गृहस्थ ज्या चेहऱ्याने वळून रांगेकडे पाहतात, तो चेहरा दहावीच्या निकालानंतर त्यांनी प्रथमच धारण केलेला असतो. पाचवे कार्ड पत्नीसाठी होते, हे नंतर लक्षात येते. ते लागत नाही. पत्नी बाहेर बसते.

कोणी म्हणेल, कार्डावर पुरेसा खर्च नाही म्हणून अडवणे हा अन्याय आहे. अजिबात नाही, उलट बँकांनी आपल्याला पुरुषार्थाची संधी दिली आहे. एका मोठ्या खासगी बँकेने आपल्या बऱ्याच कार्डांवर २०२४ च्या एप्रिलपासून अशी अट घातली, की आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च केले असतील तरच लाउंज. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून हा आकडा ७५,००० वर गेला. कच्चा माणूस येथे हिशेब मांडत बसतो. पक्का माणूस तिमाही संपायला चार दिवस उरले असता घरातील सर्वांना एकत्र बोलावतो आणि कोणाला काय हवे आहे ते विचारतो. मेव्हणीचा फ्रिज आपल्या कार्डावर घेतला जातो, ऑफिसातील तेरा जणांचे जेवणाचे बिल आपण भरतो आणि नंतर प्रत्येकाकडून चारशे सदतीस रुपये मागत दोन महिने हिंडतो, आणि तरीही काही हजार कमी पडत असतील तर एअर फ्रायर घेतला जातो. एअर फ्रायर आज माळ्यावर आहे, परंतु त्याच्या जिवावर आपण उपमा खाल्ला, हे विसरता येत नाही. एवढे करून बिलाचा काही भाग थकला, तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते, त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. लाउंजमधला तो उपमा हा माणसाच्या इतिहासातील सर्वांत महाग उपमा ठरण्याची शक्यता असते. पण पाकिटातून त्याच वेळी पैसे गेले नाहीत ना, मग तो फुकटच.

लाउंजवाल्याला आपल्या प्रत्येक फेरीमागे बँक किंवा कार्ड कंपनी पैसे देते आणि ती रक्कम दोन रुपयांच्या कित्येक पट असते. हा सारा व्यवहार बरीच वर्षे मुख्यतः मध्यस्थ कंपन्यांमार्फत चालत आला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांपैकी ड्रीमफोक्स या सर्वांत परिचित कंपनीने देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी बँकेच्या हेल्पलाइनवर जो आक्रोश केला असेल, तो खात्यातून पैसे गायब झाल्यावरही करत नसावेत. यात नवल नाही. पैसे काय, परत येतात.

असो. आपण आत आलो आहोत. प्रथम जागा. चौघांच्या सोफ्यावर एकटे बसून उरलेल्या तीन जागांवर बॅग, लॅपटॉप आणि जर्किन पसरावे. कोणी विचारल्यास "येतायत" एवढेच म्हणावे. कोण येतायत, हे सांगण्याची गरज नसते. मग बुफेकडे वळावे. इडली-उपम्याने पोट भरून घेणे ही नवशिक्यांची चूक आहे, कारण ते पदार्थ तिथे नेमके त्याच हेतूने रांगेत पहिले मांडलेले असतात. आपण पनीरच्या भांड्याशी थांबावे. डाव हातात घेऊन रश्शाच्या तळाशी हळुवार उतरवावा, तुकडा लागला की भांड्याच्या कडेला दाबून ग्रेव्ही निथळू द्यावी आणि तुकडा तेवढा ताटात घ्यावा. मग दुसरा, मग तिसरा. हे काम घाईचे नाही. आपल्यामागे आठ माणसे उभी असतील तर असू द्यावीत, त्यांना ग्रेव्ही ठेवलेली आहेच. गुलाबजाम वाटीत न घेता ताटाच्या काठावर घ्यावेत, म्हणजे वाटीत खीर घेता येते. पेस्ट्रीचे तीन प्रकार असतील तर तिन्ही उचलावेत, प्रत्येकाचा एक घास घेऊन "काही खास नाही" असा शेरा मारावा आणि ताट तसेच सोडून उठावे. मरोळ-साकीनाक्याहून पहाटेच्या पाळीला आलेला एखादा मुलगा ते ताट उचलून अख्ख्या पेस्ट्र्या काळ्या पिशवीत ओततो. घरी आई पानात टाकू देत नव्हती, ही उणीव येथे भरून काढता येते.

वाचकांपैकी जे दूरदर्शी असतील त्यांच्या ध्यानात एव्हाना आले असेल, की पोट ही फार लहान पिशवी आहे. केबिन बॅगेची ७ किलोंची मर्यादा तपासली जाते ती बहुधा चेक-इनच्या वेळी; लाउंज त्यानंतर, सुरक्षा तपासणीच्याही पलीकडे असते. याचा अर्थ जाणत्यांना फोड करून सांगायला नको. केळी, कुकीज, बिस्किटांचे पुडे, टी बॅग, साखरेच्या पुड्या, टोमॅटो केचपच्या पुड्या (घरी फ्रिजच्या दारात त्यांचा वेगळा कप्पा असावा), पाण्याच्या बाटल्या, आणि टिश्यू पेपरमध्ये नीट गुंडाळल्यास सँडविचही. कर्मचारी हटकण्याच्या बेतात दिसला तर मुलाकडे बोट दाखवावे. सतराव्या वर्षीही तो उपयोगी पडतो, हे आधी सांगितलेच आहे.

आंतरराष्ट्रीय लाउंजमध्ये मद्याचीही सोय असते आणि तेथे काही मंडळींचा तोल सुटतो. याबाबत मात्र गंभीर इशारा देणे भाग आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांनुसार बेशिस्त प्रवाशांच्या तीन पायऱ्या ठरल्या आहेत. नुसती तोंडाची बेशिस्त असेल तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतेल असे वर्तन असेल तर किमान दोन वर्षे. विमानबंदी म्हणजेच लाउंजबंदी. चौथ्या पेगच्या मोहापायी आठ तिमाहींचे पनीर घालवणे कोणत्या शहाणपणात बसते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

ज्यांना हे सारे फार झाले असे वाटते, त्यांनी जगाकडे पाहावे. एका जर्मन प्रवाशाने लुफ्तान्साचे एकच लवचिक तिकीट ३६ वेळा पुढे ढकलून म्युनिकच्या लाउंजमध्ये जेवणे केली. शेवटी न्यायालयाने त्याला सुमारे २,००० युरो भरायला लावले. चीनमध्ये शीआन विमानतळावर एका गृहस्थाने पहिल्या वर्गाचे तिकीट वर्षभरात सुमारे ३०० वेळा बदलून रोज जेवण केल्याची बातमी २०१४ मध्ये जगभर छापून आली, आणि अखेर त्याने ते तिकीट रद्द करून पैसेही परत घेतले म्हणे. २०१६ मध्ये सिंगापूरच्या चांगी विमानतळावर विमान चुकलेला एक मलेशियन इसम बनावट बोर्डिंग पास तयार करून या लाउंजमधून त्या लाउंजमध्ये असा १८ दिवस राहिला. त्याला दोन आठवड्यांचा तुरुंगवास झाला. तुरुंगातही जेवण फुकटच असते, पण ती वेगळी गोष्ट. यांच्यापुढे दोन केळी खिशात घालणारा आपला माणूस किती सोज्वळ ठरतो, ते पाहावे.

विमानाला उशीर झाला तर चिडू नये. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर विमान कंपनीने खाण्यापिण्याची व्यवस्था करावी, असा नियमच आहे. लाउंजमधून निघावे, गेटवर जाऊन "आम्ही सकाळपासून उपाशी आहोत" अशी गर्जना करावी आणि खाण्याचा खोका घ्यावा. गर्जनेच्या वेळी ओठाला रबडी लागलेली नाही, एवढी खातरजमा आधी करावी. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे उघडून तिथे दहा रुपयांत चहा देण्यास सुरुवात केली आणि पुढे आणखी काही विमानतळांवरही असे कॅफे निघाले. स्वाभिमानी लाउंजकराने तिकडे फिरकू नये. दहा रुपये हे दोन रुपयांच्या पाचपट होतात.

राहता राहिले बोर्डिंग. गेट उड्डाणाच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी बंद होते आणि अनेक लाउंजमध्ये घोषणा ऐकू येत नाहीत, हे खरे आहे. तरीही घाई करू नये. आपले नाव तीनदा पुकारले गेल्याखेरीज शेवटची कॉफी सोडू नये. मग मात्र धावावे. केचपच्या पुड्या खुळखुळत, एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने बॅग सांभाळत, आपण विमानात शिरलो की दीडशे माणसे वळून पाहतात. त्यांच्याकडे करुणेने पाहावे, कारण त्यांतील पुष्कळजण आता तीनशे रुपयांचे सँडविच विकत घेणार आहेत. आपण काही घेऊ नये. पण हवाई सुंदरी पाणी हवे का म्हणून विचारत आली, तर तहान नसली तरी दोन ग्लास मागून घ्यावेत. ते फुकट असते.