तारीख कळवून येणारी तपासणी : ‘एक आई’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या खाजगी विशेष शिक्षण शाळांवर राज्य सरकार देखरेख कशी ठेवतं, या आमच्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे मुद्दे थोडक्यात असे: राज्याचं तपासणी पथक तारीख कळवून येतं, शाळा आठवडाभर फायली सजवते, पथक त्या चाळून जातं आणि अहवालात ओळीने ‘इम्प्लिमेंटेड’, म्हणजे नियम पाळला जातो, असं छापून येतं. वर्गात मुलाचं काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. डिस्ट्रिक्ट, म्हणजे मुलाला या शाळेत पाठवणारी स्थानिक सरकारी शाळा-यंत्रणा, ‘शाळा राज्यमान्य आहे’ म्हणून हात झटकतं. असं असताना पालकांना हे अहवाल वाचायला सांगणं ही दिशाभूल आहे.

‘इम्प्लिमेंटेड’बद्दल तुमचं बरोबरच आहे. तो शेरा म्हणजे शाळेला दिलेले गुण नव्हेत. ठरावीक नियम, काही मोजक्या मुलांच्या फायली आणि पथक आलं ते दिवस, एवढ्यापुरतंच ते विधान असतं. शिकवणं रटाळ आहे का, मुलाला तिथे मित्र आहेत का, हे त्यात येत नाही, येणारही नाही. पण हा ‘सगळा कागदांचा खेळ’ आहे हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. विशेष शिक्षणात मुलाला मिळणारा हक्कच मुळी कागदावर, आयईपीत म्हणजे त्या मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, मिनिटांच्या हिशोबाने लिहिलेला असतो. तो मिळाला की नाही, हे दुसऱ्या कागदाशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही.

समजा, आयईपीच्या सेवा-तक्त्यात स्पीच थेरपीची 30 मिनिटांची 2 सत्रं दर 5 दिवसांच्या चक्रात लिहिली आहेत, तीही एकट्याने, गटात नाही. 10 आठवड्यांची 20 सत्रं, म्हणजे 600 मिनिटं. थेरपिस्टच्या नोंदवहीत सापडली 13, म्हणजे 390. उरलेल्या 210 मिनिटांचं काय झालं? दोन सत्रांना मूल गैरहजर होतं, ती 60 मिनिटं वेगळी काढा. पाच सत्रं थेरपिस्ट नोकरी सोडून गेल्यामुळे बुडाली, ती 150 मिनिटं शाळेच्या आणि डिस्ट्रिक्टच्या खात्यावर. आता झालेल्या 13 सत्रांसमोर ‘गट, 4 मुलं’ असं लिहिलेलं असेल, तर तीही आयईपीप्रमाणे झालेली नाहीत.

फायली सजवण्याचं म्हणाल, तर एक फाइल सजवणं सोपं, चार मेळात बसवणं फार कठीण. मूल गैरहजर असल्याची हजेरीत नोंद आहे आणि थेरपीच्या वहीत त्याच दिवशी सत्र झालंय, असं दिसलं की वही एका बैठकीत भरलेली आहे हे उघड होतं. थेरपिस्टच्या रजेचे दिवस, तिच्याकडच्या एकूण मुलांची संख्या, तिचं वेळापत्रक हे सगळं शाळेच्या वेगवेगळ्या कपाटांत असतं. अनुभवी तपासनीस नेमकं हेच शेजारी शेजारी ठेवतो. प्रगती अहवालाचंही तसंच. उद्दिष्टात ‘5 पैकी 4 वेळा, 80 टक्के अचूक’ असं लिहिलेलं असताना अहवालात सलग तीन वेळा ‘प्रगती समाधानकारक’ एवढंच असेल, तर मोजमाप झालेलंच नाही.

तारीख आधी कळवण्याचे तोटे आहेतच. त्या दिवशी वर्गात एक एड, म्हणजे शिक्षकाची मदतनीस, जास्त दिसते, भिंतीवर नवं वेळापत्रक लागतं. मात्र परवाना नसलेल्या शिक्षकाला दोन आठवड्यांत परवाना मिळत नाही, परवान्याशिवाय शिकवण्याच्या सवलतीची मुदत संपली असेल तर ती मागच्या तारखेने वाढत नाही. वर्गाचे आकडेही लपत नाहीत: एका परवानाधारक शिक्षकामागे जास्तीत जास्त 8 मुलं, सोबत एड असेल तर 12, आणि एका गटातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या मुलाच्या वयात 48 महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. हे प्रमाण सकाळी नऊला नीटच असतं. मोडतं ते जेवणाच्या सुट्टीच्या आसपास, एड आळीपाळीने बाहेर जातात तेव्हा. म्हणून पथकाने त्या वेळी वर्गात बसायला हवं. अचानक भेट द्यावी हा तुमचा आग्रह इथे योग्य आहे. पण फक्त अचानक भेटी ठेवल्या तर मुलाखतींना माणसं मिळणार नाहीत, आणि पढवलेलं उत्तर सगळ्यात लवकर उघडं पडतं ते मुलाखतीतच. मुलाशी गैरवर्तन झाल्याचा संशय आला तर तू कुणाला कळवशील, असं नव्या एडला विचारलं आणि ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं, तर नियमावली कितीही सुबक असो, प्रशिक्षण झालेलं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेतल्या माणसांवर बालकल्याण खात्याला कळवण्याचं कायद्याचं बंधन आहे; त्याऐवजी शाळेच्या प्रमुखांना कळवलं, तर खात्याला कळवण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते.

मुलाला धरून ठेवण्याच्या, म्हणजे रिस्ट्रेंटच्या, नोंदी हा भाग सगळ्यात बारकाईने वाचावा. मुलाला एकटं कोंडून ठेवण्यावर राज्याच्या नियमांचे कडक निर्बंध आहेत. रिस्ट्रेंट झालं की 24 तासांच्या आत पालकांना तोंडी कळवायचा प्रयत्न झाला पाहिजे आणि शाळेच्या कामकाजाच्या 3 दिवसांत लेखी अहवाल गेला पाहिजे. 20 मिनिटांहून जास्त वेळ धरायचं तर मुख्याध्यापकांची मंजुरी लागते. इजा झाली असेल तर राज्याच्या शिक्षण खात्यालाही 3 कामकाजी दिवसांत अहवाल जातो. आता एखाद्या मुलाच्या नावावर 1:10 ते 1:28 आणि 1:29 ते 1:47 अशा दोन नोंदी दिसल्या तर? दोन्ही 20 मिनिटांच्या आत, मधे एक मिनिट. मंजुरी टाळण्यासाठी एक घटना दोन केल्यात का, हा प्रश्न तिथे विचारलाच पाहिजे. एकाच मुलाची, एकाच तासाला, त्याच एडबरोबर वारंवार नोंद येत असेल, तर दोष मुलात नसून वर्तन आराखड्यात किंवा त्या तासाच्या आखणीत असण्याची शक्यता जास्त. ज्या मुलाला आठवड्यात अनेकदा धरावं लागतं त्याचा आढावा दर आठवड्याला आणि सगळ्या शाळेचा दर महिन्याला घ्यायचा असतो. पुष्कळदा तक्ता भरलेला असतो, पण त्यावरून काय बदललं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आता डिस्ट्रिक्टकडे वळू. तुमचा खरा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. ‘शाळा राज्यमान्य आहे’ हे डिस्ट्रिक्टचं उत्तर कायद्यात बसतच नाही. आयडिया या अमेरिकेच्या केंद्रीय विशेष शिक्षण कायद्याच्या नियमांप्रमाणे सरकारी यंत्रणेने मुलाला खाजगी शाळेत पाठवलं तरी जबाबदारी त्या यंत्रणेची आणि राज्याचीच राहते. मॅसॅच्युसेट्सचे नियम याहून स्पष्ट आहेत: बाहेरच्या शाळेत ठेवलेल्या मुलावर देखरेख ठेवण्याचं काम डिस्ट्रिक्टला पालकांवर, राज्याच्या खात्यावर किंवा त्या शाळेवर ढकलता येत नाही. देखरेखीचा आराखडा आणि प्रत्यक्ष केलेली देखरेख यांची कागदपत्रं मुलाच्या फाइलमध्ये असावी लागतात, भेट दिली असेल तर तिचीही नोंद हवी. राज्याचं पथक शाळा तपासतं. तुमच्या मुलाला तपासायचं काम डिस्ट्रिक्टचं.

कॅलिफोर्नियाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये एल डोराडो हिल्सच्या एका खाजगी विशेष शाळेत 13 वर्षांच्या मुलाला बराच वेळ पालथं दाबून धरलं गेलं आणि त्यानंतर त्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी राज्याने शाळेचं प्रमाणपत्र रद्द केलं आणि त्याच वर्षी एबी 1172 हा कायदा झाला. ज्या शाळेत आपलं मूल आहे तिथे डिस्ट्रिक्टने दर शैक्षणिक वर्षात निदान एकदा प्रत्यक्ष जायचं, आणि त्या भेटीत सेवा, उद्दिष्टांवरची प्रगती, वर्तन आराखडा पाहायचा, शिकवणं सुरू असताना मुलाचं निरीक्षण करायचं आणि इमारतीत फिरायचं, हे आता तिथे कायद्यातच लिहिलेलं आहे. शाळेने पोलिसांना बोलावलं तर राज्याला आणि डिस्ट्रिक्टला एका कामकाजी दिवसात कळवायचं. आमच्या मते मॅसॅच्युसेट्सनेही वर्षाला किमान एक भेट नियमात घालायला हवी. ‘देखरेख ठेवावी’ या मोघम शब्दांत फोनवरचं एक संभाषणही खपून जातं.

मग अहवाल वाचायचा कशासाठी? ‘इम्प्लिमेंटेड’च्या ओळी सोडून द्या. ‘पार्शली इम्प्लिमेंटेड’ आणि ‘नॉट इम्प्लिमेंटेड’ कुठे आलंय तेवढंच पाहा. नियमावलीतला एखादा परिच्छेद राहिला म्हणून आलेला शेरा आणि कर्मचारी प्रशिक्षण, परवाने, रिस्ट्रेंट किंवा सेवा न मिळाल्याबद्दलचा शेरा यांचं वजन सारखं नसतं. पुढे दुरुस्ती आराखडा बघा. शाळेने ‘कर्मचाऱ्यांना पुन्हा सूचना दिल्या’ एवढंच लिहिलं असेल तर ती दुरुस्ती नव्हे. केंद्राच्या नियमाप्रमाणे सापडलेली चूक शक्य तितक्या लवकर आणि कुठल्याही परिस्थितीत 1 वर्षाच्या आत दुरुस्त झाली पाहिजे. जुलै 2023 मध्ये केंद्राच्या विशेष शिक्षण कार्यालयाने राज्यांना दिलेल्या मार्गदर्शनात दुरुस्तीच्या दोन कसोट्या आहेत: ज्या मुलांच्या बाबतीत चूक झाली त्या प्रत्येकाची भरपाई झाली का, आणि नव्या नोंदी काढून पाहिल्या तर नियम 100 टक्के पाळला जातोय का. बहुतेक दुरुस्ती आराखडे दुसऱ्या कसोटीवर भर देतात आणि पहिलीला बगल देतात. नियम सुधारला, पण ज्याची 150 मिनिटं गेली त्याला ती परत मिळाली नाहीत.

‘मग आम्ही काय करायचं?’ या तुमच्या प्रश्नावर. मुलाच्या फाइलची प्रत डिस्ट्रिक्टकडे लेखी मागा, फोनवर नको. मॅसॅच्युसेट्समध्ये ती मागणी केल्यापासून 10 दिवसांत दाखवावी लागते. त्यात तीन गोष्टी नाव घेऊन मागा: डिस्ट्रिक्टने ठेवलेल्या देखरेखीच्या नोंदी, प्रत्येक थेरपीच्या तारीखवार नोंदी, आणि रिस्ट्रेंटचे सगळे अहवाल. वर दाखवला तसा मिनिटांचा हिशोब एका पानावर मांडा. थेरपिस्टची जागा रिकामी असेल तर ती कधीपासून आणि राज्याला कळवलंय का, हे विचारा. मंजूर जागा अचानक रिकामी होऊन सेवेवर परिणाम होत असेल तर शाळेने ते खात्याला कळवायचं असतं. मग टीम मीटिंग, म्हणजे आयईपी ठरवणाऱ्या गटाची बैठक, मागून भरपाईचा प्रश्न तिथे ठेवा. ‘शाळा लक्ष देत नाही’ या वाक्याला सहज बगल देता येते, ‘150 मिनिटं’ याला देता येत नाही.

तिथे काम झालं नाही तर राज्याकडे लेखी तक्रार. ती कुणीही करू शकतं, पालकच हवेत असं नाही. घटना तक्रार पोचण्याआधीच्या 1 वर्षाच्या आतली हवी, प्रत डिस्ट्रिक्टलाही द्यायची, आणि अपवाद सोडल्यास 60 दिवसांत राज्याने लेखी निर्णय द्यायचा. बुडालेल्या सेवांची भरपाई देण्याचा आदेशही त्यात होऊ शकतो. शिवाय अशा तक्रारीत प्रश्न तुमच्याच मुलाचा असतो, नमुना म्हणून काढलेल्या फायलींचा नसतो.

आणि शाळेने मुलाला तडकाफडकी काढायची भाषा केली, तर तक्रारीच्या भीतीने गप्प बसू नका. आणीबाणीतसुद्धा डिस्ट्रिक्टला कळवून त्याने जबाबदारी घेईपर्यंत शाळेला प्रवेश रद्द करता येत नाही, आणि डिस्ट्रिक्टने मागितलं तर शाळेला 2 आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. ती मागणी डिस्ट्रिक्टने त्याच दिवशी लेखी करावी यासाठी पाठपुरावा करा.

राहिला तुमच्या मैत्रिणीच्या मुलाचा दाखला, राज्यमान्यता नसलेल्या शाळेत तो चांगला रमला हा. तसं होऊ शकतं. 1993 च्या फ्लोरेन्स काउंटी विरुद्ध कार्टर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं की डिस्ट्रिक्ट योग्य शिक्षण देऊ शकलं नसेल आणि पालकांनी निवडलेली शाळा योग्य असेल, तर राज्याची मान्यता नाही एवढ्यावरून फीची भरपाई नाकारता येत नाही. मात्र त्या वाटेने पैसे आधी पालकांच्या खिशातून जातात, दोन्ही गोष्टी सुनावणीत सिद्ध कराव्या लागतात, आणि पालकांनी डिस्ट्रिक्टला आधी नीट सूचना दिली नसेल तर रक्कम कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते. अशा शाळेवर राज्याचं तपासणी पथक जात नाही. तिथल्या थेरपीच्या नोंदी आणि रिस्ट्रेंटचे अहवाल कुणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या नमुन्यात मिळतील, हे प्रवेशाच्या करारातच लिहून घ्यायला मैत्रिणीला सांगा.